रंग वाळण्याची वाट न पाहणारा माणूस

पुण्या-मुंबईच्या कोणत्याही डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमध्ये किंवा फर्निचरच्या कारखान्यात ड्युको हा शब्द हमखास कानी पडतो. कपाटाच्या दारांना ड्युको करायचा की पीयू, असा प्रश्न घराचे काम काढलेल्या अनेकांना ठेकेदाराने कधी ना कधी विचारलेला असतो. ड्युको हा रंगाचा एखादा प्रकार असावा, अशी सर्वसाधारण समजूत. वस्तुतः अमेरिकेतील ड्यूपाँ या रसायन कंपनीने आपल्या एका उत्पादनाला दिलेले ते व्यापारी नाव होय. वनस्पती तुपाला डालडा म्हटले जाऊ लागले, त्याच रीतीने हे नाव मालाचेच होऊन बसले. १९२३ मध्ये हा रंग प्रथम बाजारातील मोटारीवर चढला. तो चढावा म्हणून हट्टाने पाठपुरावा करणारा माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता, रंगारीही नव्हता. तो विजेचा अभियंता होता आणि लहानपणापासून त्याची दृष्टी अधू होती.

चार्ल्स फ्रँकलिन केटरिंग हे त्यांचे नाव. मोटारीच्या सेल्फ-स्टार्टरचे जनक म्हणून जग त्यांना ओळखते. रंगाचे प्रकरण त्या मानाने कमी ठाऊक आहे. मोटार ही धनिकांच्या दारातून निघून मध्यमवर्गाच्या दारात आली, त्यात या प्रकरणाचा वाटा स्टार्टरहून कमी नव्हता.

केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी ओहायो राज्यातील लाउडनव्हिल गावानजीकच्या शेतावर झाला. फार वेळ वाचले की डोके ठणकू लागे. खेड्यातील शाळेत काही काळ मास्तरकी करून ते ओहायो राज्य विद्यापीठात दाखल झाले. पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण अर्धवट टाकावे लागले. मग त्यांनी टेलिफोन कंपनीत खड्डे खणण्याचे, खांब उभारण्याचे आणि तारा ओढण्याचे काम पत्करले. उघड्या हवेतील या अंगमेहनतीने प्रकृती सुधारली आणि ते पुन्हा विद्यापीठात परतले. पाठ्यपुस्तके सहाध्यायी मोठ्याने वाचून दाखवत आणि ते ऐकून लक्षात ठेवत. १९०४ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, विद्युत अभियांत्रिकीची पदवी त्यांच्या हाती पडली. पुस्तकापेक्षा हाताने करून पाहण्यावर आणि दुसऱ्याला प्रश्न विचारण्यावर त्यांचा आयुष्यभर भर राहिला. त्याचे मूळ या सक्तीच्या श्रवणभक्तीत असावे.

पहिली नोकरी डेटन शहरातील नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत. दुकानातील गल्ल्याचे यंत्र तोवर हाताने दांडा फिरवून चालवावे लागे. त्याला विजेची मोटर जोडायची, तर ती यंत्राहूनही अवजड होईल, असे जाणकारांचे मत होते. केटरिंग यांनी वेगळा हिशेब मांडला. मोटर सतत चालायची नव्हती, क्षणभर चालून थांबायची होती. क्षणभरासाठी लहान मोटरवरही तिच्या कुवतीबाहेरचा भार टाकता येतो. यंत्र तयार झाले. पुढे हाच हिशेब मोटारीच्या इंजिनाला लागू पडला. एडवर्ड डीड्स या सहकाऱ्याच्या घरामागील गोठ्यात रात्री-अपरात्री काम करून त्यांनी १९०९ मध्ये डेल्को ही कंपनी उभी केली आणि १९१२ च्या कॅडिलॅक मोटारीत विजेचा स्टार्टर आला. हँडल मारून गाडी चालू करताना इंजिनाने उलटा झटका दिला की मनगट मोडे. तो धोका टळला आणि स्त्रियांनाही गाडी एकट्याने बाहेर काढता येऊ लागली.

डेल्को १९१६ मध्ये विकली गेली आणि फिरत फिरत जनरल मोटर्सच्या मालकीची झाली. १९२० मध्ये केटरिंग त्या कंपनीच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले. कारखान्याची पाहणी करताना एक गोष्ट त्यांच्या मनात खुपली. गाडीचे यंत्र काही तासांत जुळत होते, पण रंगासाठी ती आठवडेच्या आठवडे अडकून पडत होती.

मोटारीला रंग देण्याची रीत बग्ग्यांच्या काळातून जशीच्या तशी उचललेली होती. सांगाडा लाकडाचा, त्यावर ठोकलेला पत्रा. त्यावर प्रायमर, मग लांबी, मग घासाई, मग जवसाच्या तेलातील रंगाचे थर आणि सर्वांत वर चकाकी आणणारे व्हार्निश. प्रत्येक थर ब्रशने द्यायचा, वाळू द्यायचा आणि पुढच्या थराआधी घासून घ्यायचा. तेलरंग वाळतो म्हणजे त्यातील पाणी उडून जाते, असे नव्हे. तेल हवेतील प्राणवायू शोषून घेत हळूहळू घट्ट होते. ही रासायनिक क्रिया आपल्या गतीने चालते, तिला घाई करता येत नाही. हवा दमट असली की ती आणखी रेंगाळते. एका गाडीचे रंगकाम पूर्ण व्हायला हवामानानुसार दोन ते चार आठवडे लागत. दिवसाला हजार गाड्या काढायच्या आणि प्रत्येक गाडी वीस दिवस रंगखात्यात अडकून राहायची, तर एका वेळी वीस हजार गाड्या धूळमुक्त छपराखाली उभ्या करण्याइतकी जागा हवी. शिवाय त्या गाड्यांत अडकलेला पैसा वेगळाच. एवढे करूनही उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीची चकाकी फार काळ टिकत नसे.

हेन्री फोर्ड यांनी या अडचणीतून आपली वाट काढली होती. १९१४ पासून १९२५ पर्यंत त्यांची मॉडेल टी गाडी फक्त काळ्या रंगात मिळे. या हट्टाबद्दल पुष्कळ विनोद प्रचलित आहेत, पण त्यामागे कारखान्याचे गणित होते. डांबरजातीय द्रव्य आणि जवसाचे तेल यांपासून केलेला काळा जपान इनॅमल नावाचा लेप स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत भाजून लवकर पक्का होणारा होता. मडगार्डसारखे सुटे लोखंडी भाग रंगात बुडवायचे किंवा त्यांवर रंग ओतायचा, निथळू द्यायचे आणि तापलेल्या भट्टीत सरकवायचे. काही वेळाने काळाभोर, टणक भाग बाहेर येई. सायकली, शिवणयंत्रे आणि टाइपरायटर यांचा तो ओळखीचा काळा तुकतुकीत रंग याच घराण्यातला.

मग जनरल मोटर्सने तोच मार्ग का धरू नये? दोन कारणे होती. भट्टीची जी आंच मडगार्डला मानवते, ती लाकडी सांगाडा असलेल्या संपूर्ण बॉडीला सोसत नाही. लाकूड आक्रसते, सांधे उघडतात. दुसरे म्हणजे, त्या आंचेत त्या काळचे फिकट रंग पिवळे पडत. भाजलेला रंग म्हणजे काळा रंग, असे समीकरणच होऊन बसले होते. जनरल मोटर्सला तर फोर्डपेक्षा वेगळे दिसायचे होते आणि ग्राहकाला रंगांची निवड द्यायची होती.

स्प्रे गन त्या काळी नवलाईची राहिलेली नव्हती. ओहायोतीलच टोलेडो गावच्या अ‍ॅलन डीव्हिल्बिस या डॉक्टरांनी रुग्णाच्या घशात औषध फवारण्यासाठी एक साधन तयार केले होते. त्यांच्या मुलाने विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याच तत्त्वावर रंगाचा फवारा केला. दाबाखालची हवा रंगाच्या धारेचे बारीक थेंब करते आणि ते पृष्ठभागावर सारखे पसरतात. पण फवाऱ्याने वाचे तो रंग देण्याचा वेळ. तेलरंग फवाऱ्याने दिला काय किंवा ब्रशने दिला काय, वाळायला तो तितकेच दिवस घेणार. फवाऱ्याचा खरा लाभ घ्यायचा, तर रंगच दुसऱ्या जातीचा हवा होता.

या जागी केटरिंग यांची ती गाजलेली बैठक येते. रंग बनवणारे आणि रंगखाते चालवणारे अशा तज्ज्ञांना त्यांनी एकत्र बोलावले आणि हा वेळ किती कमी करता येईल, असे विचारले. फार तर एखाद-दोन दिवस, असे उत्तर आले. आपल्याला तासाभराची अपेक्षा आहे, असे केटरिंग यांनी सांगताच सगळे अवाक् झाले. रंग इतक्या लवकर वाळतच नाही, हा त्यांचा युक्तिवाद. मग वाळेल असे काही करता येणार नाही का, हा केटरिंग यांचा प्रतिप्रश्न. बैठक निष्फळ ठरली.

पुढे न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवरून जाताना एका दुकानाच्या काचेआड त्यांना टाचण्या ठेवण्याची छोटी तबकडी दिसली. तिच्यावरील लेप त्यांच्या नजरेत भरला. तबकडी विकत घेऊन त्यांनी तो लेप कोणाचा, याचा माग काढला आणि न्यू जर्सीतील एका लहानशा कारखान्याच्या दारात जाऊन उभे राहिले. हे लॅकर मोटारीसाठी निरुपयोगी आहे, असे त्या कारखानदाराने साफ सांगितले. ते इतक्या झपाट्याने वाळते की फवारले, तर गाडीच्या दारापर्यंत पोहोचण्यापूर्वीच त्याची भुकटी होईल. ज्या गोष्टीपायी तज्ज्ञ हताश होते, नेमकी तिच्या उलट तक्रार ऐकून केटरिंग यांना आनंद झाला. फार सावकाश वाळणारा रंग आणि फार लवकर वाळणारा रंग अशी दोन टोके सापडली, तर मधले काहीतरी सापडायलाच हवे, असे त्यांनी मानले. ही हकीकत स्वतः केटरिंग रंगवून सांगत. ते पट्टीचे कथेकरी होते, त्यामुळे तीत थोडे मीठमसाला असणे शक्य आहे. मात्र अडचणीचे निदान त्यात चोख आहे.

ते लॅकर नायट्रोसेल्युलोजचे होते. कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून हा पदार्थ तयार होतो. त्यात नायट्रोजनचे प्रमाण अधिक असले की तो तोफेची दारू होतो. कमी असले की द्रावकात विरघळवून त्याचा पारदर्शक पापुद्रा करता येतो. सिनेमाची जुनी फिल्म याचीच. असे लॅकर वाळते म्हणजे त्यातील द्रावक केवळ उडून जातो, कसलीही रासायनिक क्रिया व्हावी लागत नाही. म्हणूनच ते मिनिटांत सुकते. परंतु एक मेख होती. नायट्रोसेल्युलोजचे द्रावण मधासारखे दाट होई. फवाऱ्यातून जाईल इतके पातळ करावे, तर त्यात घन द्रव्य नाममात्र उरे आणि इतका पातळ थर बसे की डझनावारी थर द्यावे लागत.

ही मेख सुटली ती ड्यूपाँच्या प्रयोगशाळेत. पहिल्या महायुद्धात या कंपनीने दोस्त राष्ट्रांना अफाट प्रमाणात धूरविरहित दारू पुरवली होती. युद्ध संपले आणि नायट्रोसेल्युलोज तयार करण्याची प्रचंड क्षमता रिकामी पडली. त्याच ड्यूपाँने युद्धकाळात जनरल मोटर्सचे भाग मोठ्या प्रमाणावर घेतले होते आणि १९२० च्या अखेरीस पिएर ड्यूपाँ स्वतः जनरल मोटर्सचे अध्यक्ष झाले. ४ जुलै १९२० हा दिवस या रंगाच्या इतिहासात नोंदला गेला आहे. असे सांगतात की, वीज बंद पडल्याने दाट द्रावणाचे एक पिंप उन्हाळ्यात काही दिवस तसेच राहिले आणि नंतर पाहिले, तर ते पाकासारखे पातळ झालेले होते. त्यात मिसळलेल्या सोडियम अ‍ॅसिटेटने नायट्रोसेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या तोडल्या होत्या. आता द्रावण पातळ, पण घन द्रव्य भरपूर. रंगद्रव्यही त्यात पूर्वीपेक्षा जास्त मावू लागले.

उरला प्रश्न भुकटीचा. थेंब हवेतच सुकले, तर पृष्ठभाग खरखरीत होतो. पत्र्यावर पडल्यावर ते क्षणभर ओले राहिले, तर एकमेकांत मिसळून सपाट होतात. त्यासाठी मध्यम गतीने उडणारा द्रावक हवा. तो मिळाला, तोही युद्धाच्याच कृपेने. ब्रिटिशांच्या दारूगोळ्यासाठी लागणारे अ‍ॅसिटोन मक्याच्या पिठावर जिवाणू वाढवून तयार करण्याची कृती रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी शोधली होती. हेच वाइझमन पुढे इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. या आंबवण्यात अ‍ॅसिटोनच्या दुप्पट ब्युटेनॉल निघे आणि त्याचे करायचे काय, हे कोणालाच कळत नसे. त्या ब्युटेनॉलपासून ब्युटिल अ‍ॅसिटेट तयार झाले आणि लॅकरला हवा तसा द्रावक लाभला. टाकाऊ म्हणून साठवलेल्या मालाला रंगाच्या कारखान्यांनी सोन्याचा भाव आणला. गॅरेजमधील थिनरच्या डब्याचे झाकण उघडल्यावर येणारा गोडसर, फळासारखा वास या अ‍ॅसिटेट वर्गातील द्रावकांचाच असतो.

प्रयोग तीन वर्षे चालले. लॅकर पत्र्याला नीट धरत नसे, म्हणून खाली तेलाचा प्रायमर ठेवावा लागला. दमट हवेत द्रावक झपाट्याने उडाला की पृष्ठभाग गार पडून त्यावर बाष्प धरे आणि रंग पांढुरका दिसे. आपल्याकडील रंगारी पावसाळ्यात याच कारणाने लॅकरचे काम टाळतात. या काळातील आणखी एक किस्सा केटरिंग सांगत. रंगाच्या धंद्यातील एका संशयी गृहस्थांना त्यांनी जेवायला बोलावले आणि गाडीचा रंग बदलायचा झाला तर कोणता आवडेल, असे सहज विचारून घेतले. जेवण आटोपून दोघे बाहेर आले, तर त्या गृहस्थांना आपली गाडी ओळखू येईना. ती त्यांनी सांगितलेल्या रंगात उभी होती.

१९२३ साल केटरिंग यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण होते. इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड करायचे आणि त्यासाठी त्यावर तांब्याच्या पट्ट्या बसवायच्या, ही त्यांची कल्पना. रंगाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, जीव त्यांनी तिच्यात ओतला होता. त्या वर्षी जानेवारीत न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ही शेव्हर्ले गाडी मोठ्या डामडौलाने मांडली गेली. प्रत्यक्षात इंजिन तापे, ठोके देई, शक्ती गमावून बसे. जेमतेम ७५९ गाड्या तयार झाल्या, त्यांतील शंभराच्या आसपास ग्राहकांपर्यंत गेल्या आणि उन्हाळ्यात त्या सर्व परत मागवण्याची पाळी आली. उत्पादन विभागांनी आपल्या कल्पनेला मनापासून साथ दिली नाही, अशी केटरिंग यांची खंत होती. तर संशोधन विभागाने अर्धवट यंत्र गळ्यात मारले, असे विभागांचे म्हणणे. दोन्ही बाजूंत तथ्य होते. केटरिंग यांनी राजीनामा देऊ केला. नुकतेच अध्यक्ष झालेल्या आल्फ्रेड स्लोन यांनी त्यांचे मन वळवून त्यांना थांबवून घेतले.

आणि त्याच वर्षी ओकलँड या जनरल मोटर्सच्या गाडीचे १९२४ सालचे मॉडेल ड्युकोच्या निळ्या रंगात बाजारात आले. इंजिनापेक्षा रंगाने कंपनीची लाज राखली, असे म्हटले तर ते फारसे चूक ठरू नये. रंगखात्यातील आठवड्यांचे काम तासांवर आले आणि पुढे ते आठ तासांच्या एका पाळीत बसू लागले. वाळणाऱ्या गाड्यांसाठीची छपरे मोकळी झाली. १९२५ मध्ये शेव्हर्लेलाही हा लेप मिळाला आणि त्याच वर्षी ड्यूपाँने तो इतर कंपन्यांनाही खुला केला. बंद टपाच्या गाड्यांची मागणी याच सुमारास वाढत होती. अमेरिकेत १९१९ मध्ये अशा गाड्यांचे प्रमाण शेकडा दहाच्या घरात होते, ते १९२७ मध्ये ८५ वर गेले. बंद गाडीला रंगवायचा पृष्ठभाग अधिक. तेलरंगाच्या गतीने हा पल्ला गाठणे अवघड गेले असते. फोर्ड यांनाही १९२६ च्या मॉडेलपासून पुन्हा रंग आणावे लागले आणि १९२७ मध्ये मॉडेल टी बंद झाली. त्याच वर्षी जनरल मोटर्सने गाड्यांचे रूप आणि रंग ठरवण्यासाठी स्वतंत्र विभाग उघडला. दर वर्षी नवा रंग, नवे मॉडेल आणि जुन्या गाडीचा मनात येणारा कंटाळा ही आजच्या बाजाराची रीत तिथून रुळली.

गंमत अशी की भट्टी लगेच गेली नाही. अनेक गाड्यांची बॉडी रंगीत लॅकरची आणि मडगार्डे मात्र काळ्या भाजलेल्या इनॅमलची, असा दुरंगी संसार काही वर्षे चालला. चाकांनी उडवलेल्या खडीला तोंड द्यायला तो काळा लेपच बरा होता. पुढे १९३० च्या दशकात लाकडी सांगाडे मागे पडून सबंध पोलादी बॉडी आल्या आणि अल्किड जातीची कृत्रिम इनॅमले निघाली. मग फिकट रंगही भट्टीत भाजता येऊ लागले आणि फवारायचे नि भाजायचे, ही जोडी जमली. फ्रिज, पंखे, लोखंडी कपाटे, घरातील जवळजवळ प्रत्येक रंगीत धातूची वस्तू या जोडीच्या हाताखालून गेली. जनरल मोटर्स मात्र आणखी कित्येक वर्षे लॅकरलाच चिकटून राहिली आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस अ‍ॅक्रिलिक लॅकरकडे वळली.

या वेगाची किंमतही होती. ब्रशने रंग देणारा, व्हार्निशवर धूळ बसू नये म्हणून श्वास रोखून हात फिरवणारा जुना बग्गीवाला रंगारी हळूहळू दिसेनासा झाला. त्याच्या जागी आला फवारा धरलेला कामगार. फवाऱ्यातून निघालेला सगळाच रंग पत्र्यावर बसत नाही. बराचसा धुके होऊन हवेत तरंगतो. त्या धुक्यात द्रावक होते, काही रंगद्रव्यांत शिसे होते, थिनरमध्ये पुष्कळदा बेंझॉल असे, जे रक्ताचे आजार जडवते. शिवाय नायट्रोसेल्युलोजची वाळलेली भुकटी ठिणगी पडताच भडका घेई. हवा खेचून नेणाऱ्या बंदिस्त कक्षांची आणि मुखवट्यांची गरज या अनुभवांतून पुढे आली. लॅकरचा बहुतांश भाग हवेत उडून जातो आणि ती वाफ शहराच्या धुरक्याला हातभार लावते, हे लक्षात येऊन या प्रकारच्या रंगांवर बंधने यायला तर आणखी अर्धे शतक जावे लागले.

केटरिंग यांच्या घाईची याहून काळी बाजू पेट्रोलच्या टाकीत आहे. इंजिनातील ठोके थांबवणारे द्रव्य शोधण्याचे काम त्यांनी थॉमस मिजली या सहकाऱ्याकडे सोपवले आणि डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हाती लागले. अल्कोहोलनेही ठोके कमी होतात, हे त्यांच्या प्रयोगशाळेला ठाऊक होते. पण शिसे चिमूटभर पुरे आणि त्याचे पेटंट घेता येई. १९२४ मध्ये ते विकण्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीचे पहिले अध्यक्ष केटरिंगच होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मरण पावले. विक्री काही काळ थांबली, १९२५ च्या मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये परिषद भरली. तिथे केटरिंग यांनी या द्रव्याची बाजू मांडली. वैद्यांपैकी काहींनी रस्त्यावरच्या हवेत शिसे सोडण्याचे धोके स्पष्टपणे सांगितले होते. १९२६ मध्ये विक्री पुन्हा सुरू झाली. भारतात शिसेयुक्त पेट्रोल २००० मध्ये बंद झाले. जगाच्या पाठीवर शेवटी अल्जीरियाने ते २०२१ मध्ये थांबवले. रंगाच्या बाबतीत तज्ज्ञांचे न ऐकणारे केटरिंग बरोबर ठरले होते. इथे तज्ज्ञांचे न ऐकण्याची किंमत कित्येक पिढ्यांतील मुलांनी मोजली. मिजली यांच्याकडूनच त्यांनी फ्रिजसाठी फ्रिऑन वायू शोधून घेतला. विषारी वायूंच्या जागी आलेला तो निरुपद्रवी वायू ओझोनच्या थराला भोके पाडतो, हे केटरिंग यांच्या मृत्यूनंतर उमगले.

हिशेबाच्या दुसऱ्या बाजूलाही बरेच आहे. रेल्वेच्या डिझेल इंजिनाचा पाठपुरावा त्यांनी केला आणि त्यांचे पुत्र यूजीन यांनी ते काम पुढे नेले. वाफेच्या इंजिनांना निवृत्त करणाऱ्या डिझेल इंजिनांच्या घडणीत या पिता-पुत्रांचा वाटा मोठा होता. १९४५ मध्ये स्लोन आणि केटरिंग यांच्या नावाने न्यूयॉर्कमध्ये कर्करोग संशोधन संस्था उभी राहिली. पुढच्याच वर्षी केटरिंग यांच्या पत्नी ऑलिव्ह यांचे कर्करोगाने निधन झाले. १९४७ मध्ये ते जनरल मोटर्समधून निवृत्त झाले. संशोधन विभाग डेट्रॉइटला हलल्यावरही त्यांनी डेटनजवळचे घर सोडले नव्हते. त्या परिसरातील वस्तीने १९५० च्या दशकात शहराचा दर्जा मिळवताना केटरिंग हेच नाव घेतले.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी केटरिंग यांचे निधन झाले. डेटनच्या वुडलँड दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. विमानाचे जनक राइट बंधूही तेथेच विसावले आहेत.